सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?

त्या दिवशी फोनच्या यादीत माझ्या घरचा नंबर होता.

यादी रोज सकाळी संगणकातून निघायची. ज्यांच्या शस्त्रक्रियेला त्या दिवशी तीस दिवस पूर्ण होत, त्यांची नावं आणि नंबर. त्या दिवशी तीन नावं होती. दुसरं नाव श्रीकांतचं होतं. श्रीकांत माझा नवरा. शस्त्रक्रियेनंतर सोळाव्या दिवशी दुपारी जेवून आडवा झाला, तो उठला नाही. तेराव्याचे पाहुणे गेल्यावर, चौदा दिवसांनी, मी कामावर गेले. सोळा आणि चौदा तीस. यादीला एवढंच कळत होतं.

पहिला फोन झाला. मग मी घरचा नंबर लावला. का लावला ते मला आजही सांगता येणार नाही. यादीतलं एकही नाव गाळायचं नाही, एवढी एक शिस्त मी इतकी वर्षं पाळली होती. तुंगार्लीच्या घरात घंटा वाजत राहिली आणि थांबली. मी त्याचा फॉर्म उघडला, 'तिसाव्या दिवशी स्थिती' या रकान्यात 'मृत' असं भरलं आणि तिसरा नंबर लावला.

तिसरा नंबर वडगावच्या एका आजोबांचा होता. फोन त्यांच्या बायकोनं उचलला.

"आजोबा आहेत का?" मी विचारलं.

"हायेत की."

"त्यांना फोन देता?"

"कसा देऊ? कचेरीत गेलेत भांडाया. बांधावरनं. सकाळधरनं दुसऱ्यांदा गेलेत."

"तब्येत कशी आहे त्यांची?"

"तब्येतीला काय धाड भरलीय! आप्रेशनच्या आदी दोन वाक्यांत दम लागायचा. समोरचा बोलून जायचा आन् हे नुसते हात हलवायचे. आता तास तास भांडत्यात. तुमी घातलंय तरी काय त्यांच्या छातीत?"

मला हसू आलं. चौदा दिवसांत पहिल्यांदा. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं दचकून माझ्याकडे पाहिलं. मी रकान्यात 'जिवंत' असं भरलं. 'भांडतात' लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती, याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं.

माझं काम काय होतं, हे लोकांना सांगताना माझी नेहमी पंचाईत व्हायची. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. आमच्या हॉस्पिटलात हृदयाच्या आणि छातीच्या ज्या शस्त्रक्रिया होत, त्यांची रजिस्ट्री मी ठेवत असे. रजिस्ट्री म्हटलं की मावळात माणसं आधी जमिनीबद्दल बोलू लागतात, म्हणून मी 'नोंदी ठेवते' एवढंच सांगायची. प्रत्येक रुग्णाचा एक फॉर्म. शस्त्रक्रियेआधीचा भाग: वय, मधुमेह, मूत्रपिंड, तंबाखू आणि मिश्री, हृदयाचा जोर किती उरला आहे. मग शस्त्रक्रियेचा भाग. मग नंतरचा: रक्तस्राव झाला का, जखम भरली का. आणि शेवटी तिसाव्या दिवसाचा फोन. रुग्ण आपल्या पायांनी घरी गेला की हॉस्पिटलाला आपण जिंकलो असं वाटतं. पण घरी गेल्यावर काय झालं, हे कुणी विचारायचं? म्हणून तीस दिवस.

हे फॉर्म नावं काढून एका ठिकाणी जात. तिथे इतर हॉस्पिटलांचेही फॉर्म येत. सगळ्यांचा मेळ घालून दर सहा महिन्यांनी आमच्याकडे आलेख परत येई: इतरांची रेघ इथे आहे, तुमची इथे. आमचे मुख्य सर्जन डॉ. सबनीस यांना सुरुवातीला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता.

"बाई, म्हणजे आता तुम्ही आम्हाला मार्क देणार?"

"नाही सर. मी फक्त पेपर गोळा करते."

"आणि मी अवघड पेशंट घेतो त्याचं काय? बाकीचे सोपे सोपे निवडतात."

त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि फॉर्ममध्ये त्याची सोय होती. राजमाचीचा किल्ला चढणाऱ्याला आणि तुंगार्लीच्या तळ्याला फेरी मारणाऱ्याला एकाच घड्याळानं मोजत नाहीत. रुग्ण आधीच किती खचलेला होता, हे धरूनच हिशोब होई. हे समजल्यावर डॉक्टर माझे फॉर्म स्वतः तपासू लागले. एखाद्या रुग्णाचा दमा लिहायचा राहिला, तर मला बोलावून रागावत. असे डॉक्टर मला आवडतात.

श्रीकांतच्या फॉर्मचा पहिला भागही मीच भरला होता. हृदयाचा जोर फार कमी उरला होता. तो आकडा लिहिताना माझा हात थांबला, तेव्हा खाटेवरून तोच म्हणाला, "लिही खरं. तुझ्या रजिस्ट्रीत माझ्यामुळे चूक नको." तो लोणावळ्याच्या शाळेत भूगोल शिकवायचा. नकाशात चूक त्याला खपत नसे.

कामावर परतल्यानंतरच्या रविवारी पांडूमामा फाटकाशी आले. शेजारच्या बंगल्याची राखण करतात. मालक मुंबईला, बंगला वर्षभर बंद. मामा टोपी हातात धरून उभे राहिले.

"बाई, सरांचं त्ये नकाशाचं पुस्तक हाय का अजून?"

"आहे. का हो?"

"तुमी कामाला गेल्याव सर पायरीवर येऊन बसायचे. आप्रेशनवरनं आल्यापासनं रोज. मला हाक मारायचे. म्हनायचे, मामा, तुमी जगाची राखन करायला शिका, ह्या बंगल्यात काय ठेवलंय? रोज एकेक मुलूख दावायचे. आफ्रिकेपर्यंत आलतो आमी."

मी पायरीवर बसले. त्याच पायरीवर. शस्त्रक्रियेनंतर श्रीकांत घरी आठ सकाळी होता. मी रोज संध्याकाळी येऊन विचारायची: गोळ्या घेतल्या? पाय सुजलाय का? ताप? तोही उत्तरं द्यायचा: घेतल्या, नाही, नाही. सकाळी उठल्यापासून तू काय काय केलंस, हे मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो मला चीन, अरबस्तान, नाईल नदी असं सांगत गेला असता. त्या आठ सकाळी चांगल्या गेल्या होत्या, आणि त्या कुठल्याच फॉर्मवर नव्हत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी फोनवर एक प्रश्न जास्तीचा विचारू लागले. ठरलेले प्रश्न झाले की शेवटी: "आज सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?" उत्तरांसाठी फॉर्मवर रकाना नव्हता. मी शाळेची दोनशे पानी वही आणली.

त्या वहीनं मला फार सुख दिलं. तळेगावच्या एका निवृत्त शिक्षिकेनं सांगितलं, की तिनं सकाळी उठून हॉस्पिटलाच्या सूचनापत्रकातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या आहेत, पोस्टानं पाठवू का? कामशेतच्या एका आज्जींनी मलाच उलट विचारलं, "बाय, माज्या काळजाला ज्यानं हात लावला त्यो मानूस दिसाया कसा हाय? मी तर झोपलेली." मी सांगितलं, उंच आहेत, डोक्यावर केस कमी आहेत. त्या म्हणाल्या, "असूं दे. हात ऊन असला म्हंजी झालं." डॉक्टरांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी नकळत आपले तळवे पाहिले.

हे असं चाललेलं असताना सहामाही आलेख आला. त्यात आमची एक रेघ वर गेली होती. पायाच्या जखमेची.

हृदयाच्या शस्त्रक्रियेत पायाचा काय संबंध, ते सांगते. घाटात दरड पडली की वाहतूक दुसऱ्या रस्त्यानं वळवतात. बायपास म्हणजे तेच. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आला की त्याला वळसा घालून रक्ताला नवा रस्ता द्यायचा. त्या रस्त्यासाठी लागणारी नस बहुतेकदा रुग्णाच्याच पायातून काढतात. घोट्यापासून वर मांडीपर्यंत टाके येतात. छातीच्या जखमेची सगळे काळजी घेतात, पाय बिचारा मागे राहतो.

आमच्याकडे ती नस गायकवाड ब्रदर काढत. मूळचे पवन मावळातल्या शेतकरी घरातले. कमी बोलणारे, हात विणकाम करणाऱ्या बाईसारखे हलके. डॉक्टर छाती उघडत असत तेव्हा हे पायाशी उभे राहून नस सोडवत. गेली अनेक वर्षं तेच. आता आमच्या रुग्णांच्या पायाच्या जखमा इतर ठिकाणांपेक्षा जास्त चिघळत होत्या. टाके तेच, औषधं तीच, खोली तीच. म्हणजे हात.

बैठकीत डॉ. सबनीस म्हणाले, "ब्रदर, मला आवडत नाहीये हे बोलायला. पण पुढच्या आलेखात रेघ उतरली नाही तर तुम्हाला टेबलावरून हलवावं लागेल. वॉर्डात बघू."

गायकवाड ब्रदर फक्त "बरं सर" म्हणाले. नंतर माझ्या टेबलाशी आले. हात पाठीमागे बांधलेले, जणू ते कुणाला दिसू नयेत.

"मॅडम, माझा हात बिघडला असंल तर मी स्वतःहून बाजूला होईन. पेशंटच्या पायाशी खेळ नको. पण बिघडलाय का न्हाई, हे मला कळू द्या. तुमच्याकडं समदं लिहिलेलं असतं."

माझ्याकडे 'पायाची जखम चिघळली: हो / नाही' एवढंच लिहिलेलं होतं. फॉर्मला 'का?' असं विचारता येत नाही. मी पंधरा दिवस फॉर्म चाळले. मधुमेह पाहिला, वय पाहिलं, वजन पाहिलं, कुठला वार, कुठली खाट. काही लागेना. आपलीच नोंद एका चांगल्या माणसाला टेबलावरून उठवणार, ही बोच घेऊन मी रोज घरी जात होते.

मग एका सकाळी यादीत वडिवळ्याचे सोपानआबा आले. धरणाच्या कडेला भातशेती, घरी दोन म्हशी. पायाची जखम चिघळून ते मधे एकदा दाखवून गेले होते.

"आबा, जड काही उचलत नाही ना?"

"छ्या! डाक्टरनी सांगितलंय ना. तांब्यासुदिक उचलत न्हाई."

मागून त्यांच्या बायकोचा, हौसामावशींचा, आवाज आला, "राजा झालाय राजा! आंघुळीचं पानी बी मीच काडून देती!"

"मग आज सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?"

"काय करनार ताई? उठलो, तोंड धुतलं, धार काडली, च्या पिला, पडलो."

"धार काढली? तुम्ही?"

"मंग कोन? आमची रतनी हिला जवळ उभी करत न्हाई. दुसऱ्याचा हात लागला की पान्हा चोरती, वर लाथ मारती. पयल्या वेतापासनं माजाच हात तिला."

"अहो पण आबा, डॉक्टरांनी..."

"डाक्टरनी उचलू नगा म्हनलंय. म्हस कुटं उचलतोय मी? बसून करायचं काम हाय त्ये!"

बसून, म्हणजे उकिडवं बसून. दुधाची चरवी दोन्ही गुडघ्यांत आवळून. घोट्यापासून मांडीपर्यंतचे ताजे टाके दुमडून, शेणामुताच्या ओलीत, सकाळ-संध्याकाळ. आणि मनात एवढीशीही शंका नाही, कारण सूचना तंतोतंत पाळलेली.

फोन ठेवून मी वही काढली. ज्यांचा पाय चिघळला होता त्यांची पानं उलटत गेले. 'धार काढली, पेपर वाचला.' 'धार काढून डेअरीवर पाठवली.' 'गोठा.' 'धार.' शुद्धलेखन तपासणाऱ्या बाईंचा पाय छान भरला होता. कचेरीत भांडणाऱ्या आजोबांचाही. त्यांच्या घरी मी पुन्हा फोन करून विचारलं; म्हैस त्यांनी आधीच विकली होती, कारण भांडणातून वेळ मिळत नव्हता. आलेखातल्या इतर हॉस्पिटलांत शहरी रुग्ण जास्त. आमच्याकडे मावळातली गावं. आणि गेल्या वर्षीपासून आमच्याकडे गावांतूनच जास्त रुग्ण येऊ लागले होते.

मी गायकवाड ब्रदरांना वही दाखवली. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि कपाळावर हात मारला.

"मॅडम, मी शेतकऱ्याचं पोर. मला कळायला पायजे होतं हे."

त्या रविवारी आम्ही दोघं वडिवळ्याला गेलो. भातं पोटरीला आली होती, बांधांवर पिवळी फुलं. सोपानआबांना ओसरीवर बसवून ब्रदरांनी पाय तपासला, जखम साफ केली, बांधली. आबा म्हणाले, "ब्रदर, समदं ऐकतो. पर रतनीचं काय? धार न्हाई काडली तर कास सुजंल तिची. मग तिलाबी तुमच्याकडं आनू का?"

गायकवाड ब्रदर गोठ्याकडे पाहत होते. "मावशी," ते हौसामावशींना म्हणाले, "आबांचा सदरा आना. न धुतलेला. आन् टोपी."

"आगं बया! कशाला?"

"आमचा बा गावाला गेला की आमची आय त्याचा सदरा घालून बसायची धारंला. म्हस वास बघती, तोंड न्हाई."

मावशींनी लाजत लाजत नऊवारीवर नवऱ्याचा सदरा चढवला, टोपी घातली. पदर आत खोचला. आबा ओसरीवरून ओरडले, "आगं, ह्यो कोन गडी ठेवलास मला न इचारता?"

"गप बसा! तुमचा आवाज आयकला तर कळंल तिला!"

मावशी रतनीजवळ बसल्या. रतनीनं मान वळवली, सदरा हुंगला, बराच वेळ विचार केला. मग तिनं एक पाय मागे घेतला आणि उभी राहिली. चरवीत पहिली धार वाजली. आबांनी डोळे पुसले. "बारा वर्सं संबाळली हिला," ते म्हणाले, "आन् एका सदऱ्यावर इकलं मला." गायकवाड ब्रदर इतके हसले, की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुढच्या बैठकीत मी वही वाचून दाखवली. डॉ. सबनीसांनी चष्मा काढला. "म्हणजे, आपण इतकी वर्षं लोकांना सांगतोय जड उचलू नका, आणि ते उचलत नाहीत." मग गायकवाडांकडे वळून, "ब्रदर, मी चुकलो." ब्रदर म्हणाले, "तुमी कुटं, सर? फॉर्म चुकला." मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, पण हे मी इतर सर्जनांसमोर कसं मांडू? म्हशीनं सदरा हुंगला असं लिहू?"

"लिहा की सर. खरं आहे."

बायपास बहुतेकदा आधी ठरवून होते. म्हणून शस्त्रक्रियेआधीच्या भागातच एक प्रश्न वाढवला: घरी जनावर आहे का, धार कोण काढतं? 'मी' असं उत्तर आलं की तारीख ठरतानाच सिस्टर सांगे, आजपासून घरातल्या दुसऱ्या कुणाचा हात सवयीचा करा, तुमचा सदरा घालून. सूचनापत्रकात 'उकिडवे बसू नये, धार काढू नये' हे ठळक आलं. तळेगावच्या बाईंनी दुरुस्त केलेल्या शुद्धलेखनासह. पुढच्या आलेखात रेघ खाली आली, त्याच्या पुढच्यात आणखी. माझा प्रश्नही फॉर्मच्या शेवटी छापला गेला, खाली दोन ओळींची जागा सोडून.

खंत आहे. ती अशी, की त्याआधी मी इतकी वर्षं फोन केले आणि मिनिटभरात ठेवले. कितीजणांनी मला काहीतरी सांगितलं असतं. मी हो आणि नाही गोळा करत बसले. श्रीकांत असता तर म्हणाला असता, नकाशा होता तुझ्याकडे, पण त्यात गावं नव्हती.

मी निवृत्त झाले तेव्हा सोपानआबांनी इंद्रायणी तांदूळ पाठवला आणि हौसामावशींनी निरोप दिला, की रतनी व्याली, आता सदऱ्याशिवायसुद्धा त्यांना जवळ करते, त्यामुळे आबा रुसलेत. निवृत्तीनंतर बरेच दिवस मी सकाळी लवकर उठून, आवरून, कुठेच न जाता खुर्चीत बसत असे. मग एका सकाळी घरचा फोन वाजला. या फोनची घंटा ऐकली की मला अजूनही क्षणभर थांबावं लागतं. मी थांबले आणि उचलला.

"मॅडम, गायकवाड बोलतोय. तुमाला रिटायर होऊन आज तीस दिवस झाले. यादीत नाव हाय तुमचं. मी घातलंय."

"बरं. विचारा."

"आज सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?"

मी सांगितलं. उठले, चहा केला, दोन कप. अॅटलास घेऊन पायरीवर गेले. पांडूमामा आले होते. नोकरीत राहूनच गेलं होतं, ते आफ्रिकेपासून पुढे सुरू केलं. मामांना नाईलचा उगम श्रीकांतनं दाखवला होता तिथेच बोट ठेवता आलं.

"मंग काय लिहू रकान्यात?"

"लिहा की, बरी आहे."

"लिहिलं," ते म्हणाले. "ठेवू का मग? केस लागलीय. नस काढायचीय."

गायकवाड ब्रदर अजून टेबलाशी उभे राहतात. वही माझ्याकडे आहे, तिची अकरा पानं कोरी आहेत. आफ्रिका आणि युरोप आमचे झाले. दक्षिण अमेरिका राहिली आहे.